पिशवीतला पडदा आणि ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’

“डॉक्टर मॅडम, मी २९ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, एका शाळेत शिकवते. लग्नाला चार वर्षं झाली. तीनदा दिवस राहिले, एकदाही टिकलं नाही. पहिल्या दोन वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात ठोके थांबले, तिसऱ्या वेळी चौदावा आठवडा चालू होता. मग एका ठिकाणी साध्या सोनोग्राफीत सांगितलं, गर्भपिशवीला दोन शिंगं आहेत, काही करता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी नळ्यांचा एक्स-रे काढला, ते म्हणाले मधे पडदा आहे, दुर्बिणीनं कापून टाकू. तिसऱ्यांनी टेस्ट ट्यूब बेबीचाच खर्च सांगितला. सासूबाई काटोलकडच्या. त्या म्हणतात, ‘मूल व्हावं म्हणून चालली, अन् दुर्बिणीचं ऑपरेशन काहून करून राहिली?’ त्यांच्या बहिणीचं फार वर्षांपूर्वी पोट उघडून पिशवीचं ऑपरेशन झालं होतं, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. नवरा समजूतदार आहे, पण तोही गोंधळलाय. ऑपरेशन करू का? केलं तर मूल नक्की राहील का? पहिल्या वेळी मी रोज स्कूटीनं शाळेत जात होते, त्यामुळे तर हे झालं नसेल ना?

जाता जाता एक विचारते. माझ्या नणंदेची मुलगी १३ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली. दर महिन्याला उजव्या बाजूला इतकं दुखतं की शाळा बुडते, आणि दुखणं वाढतच चाललंय. तिला जन्मापासून एकच किडनी आहे. याचा त्याच्याशी संबंध असेल का? नाव छापू नका. मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे, मला ‘तू’ म्हटलंत तरी चालेल.”

तुझ्या भाचीबद्दलचं उत्तर मी हे सदर छापून यायची वाट न पाहता, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी पाठवलं. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण ‘पाळीत दुखतंच गं’ असं ऐकून गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून झोपलेल्या मुली आणखी कितीतरी घरांत असतील. हो, किडनीचा आणि या दुखण्याचा संबंध असू शकतो. आईच्या पोटात बाळाची किडनी आणि गर्भपिशवी शेजारी-शेजारी, एकीच्या आधारानं दुसरी अशा घडत जातात. एका बाजूची किडनी तयारच झाली नाही, तर त्याच बाजूच्या पिशवीच्या घडणीतही काही राहून गेलं असण्याची शक्यता बरीच असते. अशा काही मुलींना दोन गर्भपिशव्या असतात. एकीचा रस्ता मोकळा असतो, म्हणून पाळी दर महिन्याला येते आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. दुसरीचा रस्ता खाली योनीमार्गात एका पडद्यानं बंद असतो. तिथलं रक्त बाहेर येत नाही, आतच साचतं, दर महिन्याला थोडं जास्त. म्हणूनच तुझ्या पत्रातला ‘वाढतच चाललंय’ हा शब्द वाचून मला चैन पडेना.

हे दुखणं गोळ्यांनी तेवढ्यापुरतं दबतं. साचलेलं रक्त नळीतून उलटं पोटात जात राहिलं तर एंडोमेट्रिओसिस होतो, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो, आणि नळ्या खराब होतात. आणि वेळेत कळलं तर इलाज छोटा आहे. भूल देऊन खालूनच तो पडदा कापायचा आणि रस्ता मोकळा करायचा. पोटावर टाका नाही, दोन्ही पिशव्या शाबूत. तपासणीलाही घाबरायचं कारण नाही. या वयात पोटावरून सोनोग्राफी करतात आणि गरज लागली तर एमआरआय. नणंदेला सांग, डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य ‘हिला एकच किडनी आहे’ हेच म्हणायचं. नाहीतर पाळी येतेय म्हटल्यावर हा विचार कोणाच्या मनात येतोच असं नाही. दुखण्याचं कारण दुसरंही निघू शकतं, पण हे नाही एवढी खात्री पुढची पाळी यायच्या आत करून घ्या. लग्नाआधी पोरीला बायकांच्या डॉक्टरकडे कसं न्यायचं, हा संकोच या बाबतीत फार महागात पडतो.

आता स्कूटी. ती ओळ तू आधी लिहून खोडली आहेस आणि पुन्हा खाली लिहिली आहेस, कागदावर दिसतं. म्हणून तुझ्या प्रश्नांतला हा आधी घेते. स्कूटीनं काहीही झालेलं नाही. मानेवाडा रस्त्यावरचे खड्डे, दिवसभर उभं राहून शिकवणं, खाल्लेली पपई, ग्रहणात बाहेर पडणं, फळीवरचा डबा काढायला वर केलेला हात, यातल्या कशानंही बाळाचे ठोके थांबत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत थांबणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचीच चूक असते. ती त्या त्या वेळी घडते, त्यावर कुणाचा हात नसतो.

आणि पिशवीचा आकार म्हणशील, तर तो ठरला तेव्हा तू स्वतः तुझ्या आईच्या पोटात होतीस. मुलीची गर्भपिशवी पहिल्यापासून एक नसते. डाव्या-उजव्या बाजूनं दोन बारीक नळ्या येतात, मधे एकमेकींना चिकटतात, आणि मग त्यांच्यामधली भिंत हळूहळू विरते. पाचव्या महिन्याच्या आसपास हे काम संपतं. नळ्या पुरत्या जुळल्याच नाहीत, तर पिशवीला वर दोन शिंगं राहतात. जुळल्या पण मधली भिंत विरली नाही, तर पडदा राहतो. शंभर बायकांमागे पाच-सहा जणींच्या पिशवीत असला काही ना काही फरक असतो. त्यांतल्या कितीतरी जणींना दोन-तीन मुलं होऊन जातात आणि हे कधी कळतही नाही. तेव्हा तुझ्या आईनंही मनाला लावून घेऊ नये. तिनं काही खाल्ल्यानं किंवा न खाल्ल्यानं हे झालेलं नाही.

तुझा खरा घोळ असा आहे की एकाच पिशवीला दोघांनी दोन नावं दिली आहेत, आणि या दोन नावांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. पडदा असेल तर दुर्बिणीनं कापता येतो. दोन शिंगं असतील तर तिथे कात्री लावायचीच नसते. म्हणून ऑपरेशन करू का, या प्रश्नाआधी तुझ्या पिशवीचं नाव पक्कं व्हायला हवं.

घराचं उदाहरण घे. एक घर, वरचा स्लॅब सरळ, पण आत मधोमध भिंत घातलेली. आत शिरून भिंत पाडली तर एक मोठी खोली मिळते. दुसरं घर असं की स्लॅबच मधे खाली दबलाय आणि आत आलाय. आत उभं राहून दोन्ही घरं सारखीच दिसतात, डावीकडे एक खोली, उजवीकडे एक. पण दुसऱ्या घरात ‘भिंत’ समजून फोडायला गेलीस तर वर आकाश दिसेल. नळ्यांच्या एक्स-रेत, म्हणजे एचएसजीत, औषध पिशवीच्या आत सोडतात, त्यामुळे फक्त आतली पोकळी दिसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन टोकं दिसली एवढंच त्यावरून सांगता येतं. वरचा स्लॅब सरळ आहे की दबलेला, हे त्या फिल्मवर उमटतच नाही. आणि साध्या सोनोग्राफीत बघणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर तिथेही गफलत होते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. तेव्हा मी नवी होते, फिल्म बघून एका बाईला ठामपणे सांगितलं, पडदा आहे, काढू. माझ्या वरिष्ठ बाईंनी ऑपरेशनच्या टेबलावर हट्ट धरला की आधी बेंबीतून दुर्बीण घालून पिशवी वरून बघू. बघितली. वरून ती बदामाच्या आकाराची होती, मधे बोटाचं पेर बुडेल एवढी खाच. मी खालून कापत गेले असते तर पिशवीच्या छतातून बाहेर निघाले असते. आम्ही काहीही न करता तिला भुलीतून उठवलं. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “पण तुम्ही तर पडदा म्हणाला होता.” त्या दिवसापासून नुसत्या एचएसजीवर मी कोणालाही ऑपरेशनची तारीख दिलेली नाही.

आज हे ओळखायला बहुतेक वेळा बेंबीतून बघायचीही गरज पडत नाही. थ्रीडी सोनोग्राफी खालून करून घे. त्यात पिशवीचा समोरून काप घेतल्यासारखं चित्र येतं, आतली पोकळी आणि बाहेरची कड दोन्ही एकत्र दिसतात. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात जा, तेव्हा आतलं अस्तर जाड झालेलं असतं आणि पोकळीची रेघ स्वच्छ उठून दिसते. तरी शंका राहिली तर एमआरआय. त्याच वेळी दोन्ही किडन्या जागेवर आहेत ना, हेही बघून घ्यायला सांग. कारण वर भाचीच्या बाबतीत लिहिलंच आहे. अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार बाहेरची खाच १ सेंटीमीटरपेक्षा खोल असेल तर दोन शिंगं म्हणायचं. बाहेरची कड सरळ, आतला पडदा १ सेंटीमीटरपेक्षा लांब आणि त्याच्या टोकाचा कोन ९० अंशांपेक्षा कमी, तर तो पडदा. युरोपातले तज्ज्ञ मापं जरा वेगळी धरतात, त्यामुळे काठावरच्या पिशवीला दोन डॉक्टर दोन नावं देऊ शकतात आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. आत नुसता थोडासा बाक असेल, तर त्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असल्या निरुपद्रवी बाकांची ऑपरेशनं होताना मी पाहते आणि मला त्याचा फार त्रास होतो.

सासूबाईंकडे येते. त्यांच्यावर रागावू नकोस. त्या जे बोलल्या त्यात त्यांच्यापुरता अर्थ आहे. आपल्या खेड्यांमध्ये कितीतरी वर्षं ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ याचा एकच अर्थ होता, कुटुंबनियोजनाचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात शिबिर लागायचं, बायका सकाळपासून उपाशीपोटी येऊन बसायच्या, ऑपरेशन झाल्यावर सतरंजीवर ओळीनं निजवायचे, आणि त्यानंतर मूल बंद. काटोलच्या बाजूच्या त्या वयाच्या बाईला सून येऊन सांगते, मूल व्हावं म्हणून दुर्बिणीचं ऑपरेशन करते. तिच्या काळजात धस्स होणारच. त्यांना जवळ बसवून सांग की दुर्बीण म्हणजे नुसतं बघायचं साधन. त्यातून नळी बंदही करता येते आणि अडलेला रस्ता मोकळाही करता येतो. जमलं तर पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात सोबत ने. डॉक्टरांनी कागदावर पिशवीचं चित्र काढून दाखवलं की त्यांचं निम्मं भय जाईल.

बहिणीच्या मोठ्या ऑपरेशनची त्यांची आठवणही खोटी नाही. पाउल स्ट्रासमन या जर्मन डॉक्टरांनी १९०७ मध्ये एक ऑपरेशन सांगितलं होतं. पोट उघडायचं, पिशवी वरून आडवी चिरायची, दोन्ही पोकळ्या एक करून पुन्हा शिवायची. पडद्यासाठीही पुढे अशीच पोट उघडून ऑपरेशनं व्हायची. त्यात रक्त जायचं, आतडी चिकटायची, पिशवीवर मोठा व्रण राहायचा आणि पुढचं बाळंतपण सिझेरियननंच करावं लागायचं. पडद्यासाठी हे कोणी करायला सांगितलं तर तू तिथून उठून ये. दोन शिंगांसाठीही आता ते क्वचितच करतात.

आता तुझ्या वाट्याला येऊ शकणारं ऑपरेशन. ‘दुर्बिणीचं’ या एकाच शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतो, हा घोळही आम्हा डॉक्टरांमुळेच झालाय. बेंबीपाशी छेद घेऊन पोटात बघतात ती लॅप्रोस्कोपी. खालून, पाळी येते त्याच वाटेनं, पिशवीच्या तोंडातून आत जातात ती हिस्टेरोस्कोपी. पडदा कापतात तो हिस्टेरोस्कोपीनं. तिच्यात कुठेही कातडी कापत नाहीत, टाका पडत नाही. निदानाची शंका उरली असेल किंवा नळ्याही बघायच्या असतील, तरच त्याच वेळी बेंबीतूनही बघतात. तसं करणार असतील तर आधी विचारून घे, म्हणजे उठल्यावर पोटावरची पट्टी बघून घरचे घाबरणार नाहीत.

पाळी संपल्यावर लगेचचे दिवस निवडतात, कारण तेव्हा अस्तर पातळ असतं. पिशवी मिठाच्या पाण्यानं, सलाइननं, फुगवतात आणि कॅमेरा आत जातो. पडद्याच्या पिशवीत शिरल्यावर पडद्यावर, म्हणजे समोरच्या टीव्हीवर, काय दिसतं ते सांगते. दोन काळे बोगदे, आणि दोघांच्या मधे फिकट पांढुरकी उभी भिंत, खाली टोकदार, वर रुंद होत गेलेली. बारीक कात्रीनं किंवा विजेच्या सुईनं तिला खालून वर, बरोबर मधोमध कापत जायचं. तुकडे काढून टाकावे लागत नाहीत. प्रत्येक कापाबरोबर दोन्ही कडा ताणलेलं रबर सोडल्यासारख्या पुढच्या आणि मागच्या भिंतीत आपोआप मागे सरकतात. रक्तही फारसं येत नाही. वर वर जाता जाता भिंतीचा रंग बदलतो, गुलाबी होतो, बारीक रक्ताचे ठिपके यायला लागतात. ते पिशवीचं खरं मांस. तिथे हात थांबला पाहिजे. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला आणि मधे काही न अडता दोन्ही नळ्यांची तोंडं दिसली की झालं. मी हे कितीदा केलं असेल, तरी ती दोन तोंडं एका खोलीत पहिल्यांदा दिसतात तेव्हा मला अजून बरं वाटतं.

साधारण अर्धा तास लागतो. बहुतेक जणी त्याच संध्याकाळी घरी जातात. दोन-तीन दिवस पाळीसारखं दुखतं, आठवडाभर डाग जातात. पण छोटं आहे म्हणून बिनधोक आहे असं नाही. शंभरातल्या एखादीला पिशवीला छिद्र पडू शकतं. आत सोडलेलं पाणी रक्तात जास्त शोषलं गेलं तर त्रास होतो, म्हणून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब टेबलापाशी एका माणसानं सतत ठेवायचा असतो. निरोगी बाईत सलाइन वापरलं तर अडीच लिटर आणि त्याऐवजी ग्लायसिनचं द्रावण वापरलं तर एक लिटर, एवढीच तूट चालते, त्यापुढे काम थांबवायचं. ‘तुमच्याकडे हा हिशेब कोण ठेवतं?’ हे डॉक्टरांना विचार. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. त्याशिवाय आत चिकटवण होऊ शकते, पडदा थोडा उरू शकतो. १ सेंटीमीटरपेक्षा कमी उरला तर त्यासाठी पुन्हा टेबलावर जाऊ नकोस. आणि फार क्वचित, पुढच्या गरोदरपणात पिशवी फाटल्याची उदाहरणंही आहेत, म्हणून बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना या ऑपरेशनचा कागद दाखवायचाच. सिझेरियन मात्र केवळ यासाठी करावं लागत नाही, नेहमीसारखी प्रसूती होऊ शकते. नंतर कॉपर-टी बसवायची गरज नसते. साधारण दोन महिन्यांत आतली जखम भरते, एकदा तपासून घ्यायचं आणि मग पुढचा विचार.

मूल नक्की राहील का, असं तू विचारलंस. ‘नक्की’ हा शब्द मी देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून जपून राहा. आम्ही अनेक वर्षं असं शिकवत आलो की पडदा काढला की गर्भपात कमी होतात. त्याला आधार होता तो असा : त्याच बायकांचे ऑपरेशनच्या आधीचे गर्भपात मोजायचे आणि नंतरची बाळं मोजायची. पण तीन गर्भपात झालेल्या बाईला काहीच न करता चौथ्या वेळी बाळ होण्याची शक्यताही निम्म्याहून जास्त असते, त्यामुळे अशा मोजणीत ऑपरेशनला फुकटचं श्रेय मिळतं. २०२१ मध्ये एका मोठ्या प्रश्नावरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका आणि इराणमधल्या ८० बायकांची चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी केली, निम्म्यांचा पडदा कापला, निम्म्यांचा तसाच ठेवला. कापलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना बाळ झालं, न कापलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. म्हणजे फायदा दिसला नाही. पण एवढ्या बायका जमवायलाच आठ वर्षं लागली, त्यांतल्या सगळ्यांचे वारंवार गर्भपात झालेले नव्हते, काहींना दिवसच राहत नव्हते, आणि पडदेही लहान-मोठे होते. त्यामुळे ‘ऑपरेशन निरुपयोगी आहे’ असंही त्यावरून म्हणता येत नाही.

मग माझं मत काय? तुझी बाकी कारणं तपासून झाली, थ्रीडीत पडदा खरोखर खोल निघाला, आणि हे काम नेहमी करणारा हात मिळाला, तर माझ्या लेकीला मी ‘करून घे’ म्हणेन. तिसऱ्या वेळी चौदाव्या आठवड्यापर्यंत गेलेला गर्भ पडला, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण इतक्या उशिरा नुसत्या गुणसूत्रांचं कारण कमी वेळा असतं आणि पिशवीच्या आकाराकडे बोट जातं. पण ऑपरेशन न करता एकदा आणखी प्रयत्न करायचं तू आणि नवऱ्यानं मिळून ठरवलंत, तर तेही चुकीचं नाही. तू २९ वर्षांची आहेस, धावपळ करण्याची गरज नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचा विचार आत्ता बाजूला ठेव. ज्या बाईला तीनदा आपोआप दिवस राहिले, तिची अडचण दिवस राहण्याची नाही, टिकण्याची आहे. पिशवी तीच राहणार असेल तर गर्भ बाहेर तयार करून आत ठेवल्यानं तिचा आकार बदलत नाही.

बाकी तपासण्यांत थायरॉइड, साखर, आणि अँटिफॉस्फोलिपिड ही रक्त गोठण्याशी संबंधित तपासणी. ती एकदा बिघडलेली आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची असते, एकाच रिपोर्टवर इंजेक्शनं सुरू करायची नसतात. तुम्हा दोघांच्या गुणसूत्रांची तपासणीही विचारून घे. टॉर्च नावाची, काही ठरावीक संसर्ग शोधणारी महागडी तपासणी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. वारंवार होणाऱ्या गर्भपातासाठी तिचा उपयोग नाही, ते पैसे वाचव. उलट एक स्वस्त तपासणी विदर्भात कोणी विसरू नये, ती म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्या भागात तो बराच आहे. भूल देण्याआधी तुझा रिपोर्ट हवा आणि बाळाच्या दृष्टीनं नवऱ्याचाही.

आणि दोन शिंगंच निघाली तर? तर ऑपरेशन नाही. म्हणजे आशा नाही असं नव्हे, पहिल्या डॉक्टरांचं ‘काही करता येत नाही’ हे वाक्य अर्धवट होतं. त्या बायकांना बाळं होतात, फक्त दिवस पुरे व्हायच्या आत कळा सुरू होण्याची आणि पिशवीचं तोंड लवकर उघडण्याची भीती जास्त असते. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून तोंडाची लांबी सोनोग्राफीत मोजत राहायची, आखूड होऊ लागली तर टाका घालायचा. बाळ आडवं किंवा पायाळू राहू शकतं, त्याची तयारी ठेवायची. माझ्या त्या चुकलेल्या ऑपरेशनच्या बाईला पुढे आठव्या महिन्यात मुलगी झाली, दोन आठवडे काचेच्या पेटीत होती आणि मग घरी गेली.

कुठे जायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण धंतोली-रामदासपेठेतल्या पाट्या वाचत फिरलीस तर डोकं आणखी गरगरेल. डॉक्टरांना सरळ विचार, पडद्याची ऑपरेशनं तुम्ही स्वतः नेहमी करता का, आणि माझी थ्रीडी फिल्म तुम्ही स्वतः बघितली का. खर्चाची काळजी असेल तर मेडिकल, मेयो, डागा किंवा मिहानचं एम्स, या सरकारी रुग्णालयांपैकी एखाद्या ठिकाणच्या स्त्रीरोग विभागात जुने सगळे कागद तारखेनुसार लावून घेऊन जा, आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचार. सकाळी लवकर जा, नवऱ्याला रजा काढायला लाव. रांगेत एकटीनं बसून हे सगळं ऐकायचं नाही.

थ्रीडीचा रिपोर्ट हातात आला की त्यात दोन आकडे लिहिलेत का बघ : बाहेरच्या कडेला खाच आहे का आणि किती, आणि आतल्या पडद्याची लांबी किती. नुसतं नाव लिहिलं असेल आणि आकडे नसतील, तर काउंटरवरून परत जाऊन लिहून घे. ते दोन आकडे मला पाठव, आणि भाचीचं काय निघालं तेही.